पेसमेकरला रात्र कळते, पण कुणाची?

मागच्या गळीत हंगामातील गोष्ट आहे. वाळवा तालुक्यातील एक शेतकरी माझ्या दवाखान्यात आले. वय ६२. आपण त्यांना तात्या म्हणू. सहा आठवड्यांपूर्वी त्यांना घेरी येऊन पडल्यामुळे मोठ्या रुग्णालयात नेले होते. हृदयाचे ठोके मिनिटाला ३५ पर्यंत उतरले होते, म्हणून पेसमेकर बसवला होता. आता तक्रार अशी :

"डाक्टरसाहेब, दिसा कायबी होत न्हाई. रातीला उसाला पानी पाजाय गेलो की पाय जड पडत्यात. बांधावर उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी येतीया."

मी नाडी पाहिली. मिनिटाला ६०, अगदी नियमित. छातीवरची जखम स्वच्छ भरलेली होती. "यंत्र उत्तम चालू आहे तात्या, जागरण तेवढे कमी करा," असे सांगून रक्तदाबाच्या गोळीची मात्रा थोडी कमी केली आणि त्यांना घरी पाठवले. जागरण कमी करा हे सांगणे सोपे आहे. शेतीपंपाची वीज रात्री येणार असेल, तर पाणी दिवसा कसे पाजायचे, हे मात्र मी सांगितले नाही.

पंधरा दिवसांनी मुलगा त्यांना आधार देऊन घेऊन आला. रात्री बांधावरून ते पाटात पडले होते. कपाळाला खोक पडली होती. घरात वेगळीच कुजबुज सुरू झाली होती. त्या शिवारात 'बाहेरचे' काहीतरी आहे म्हणून कोंबडेही उतरून टाकून झाले होते. पण दोष बाहेरच्या कशाचा नव्हता. चूक माझी होती. तक्रार रात्रीची होती आणि नाडी मी दिवसा मोजली होती.

ही चूक का झाली हे समजण्यासाठी हृदय, घड्याळ आणि पेसमेकर या तिघांचे नाते पाहू.

शरीरातले घड्याळ

लाजाळूचे झाड आपण सर्वांनी पाहिले आहे. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशाच एका झाडाची कुंडी काळोखात ठेवली. ऊन दिसत नसतानाही त्याची पाने ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. दिवस-रात्रीचे भान झाडाला बाहेरूनच मिळते असे नाही, आतही काही घड्याळ आहे, हे त्यावरून सुचले. हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते, याचा उलगडा पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांवर प्रयोग करून तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी केला. हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना त्यासाठी २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाचे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर आहे. सुमारे २०,००० पेशींचा हा छोटासा पुंजका डोळ्यांवाटे आलेल्या उजेडावरून आपली वेळ रोज जुळवून घेतो. त्याच्या सांगण्याने झोपेत हृदयाचे ठोके मंदावतात आणि निरोगी माणसाचा रक्तदाब साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. पहाटे जाग येण्याच्या सुमारास दोन्ही पुन्हा चढू लागतात. सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात हृदयविकाराचे झटके अधिक येतात, हे १९८५ मध्ये एका मोठ्या अभ्यासातून पुढे आले. त्यामागे हा पहाटेचा चढही आहे. आपल्याकडे 'अष्टांगहृदय' या ग्रंथात दिनचर्येला स्वतंत्र अध्याय आहे. वेळेचा आणि आरोग्याचा संबंध आपल्या लोकांना नवा नाही.

यंत्र शिकत कसे गेले?

हृदयाचा ठोका त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यातील एका छोट्या केंद्रातून सुरू होतो. तेथून विजेचा बारीक संदेश खालच्या कप्प्यांकडे जातो. तात्यांचे वरचे केंद्र शाबूत होते, पण संदेशाची वाट तुटली होती. तारेत वीज आहे, पण डीपीचा फ्यूज उडालेला आहे, तसा हा प्रकार. वैद्यकीय भाषेत याला 'हार्ट ब्लॉक' म्हणतात. रक्तवाहिनीत जे 'ब्लॉकेज' होते, ते वेगळे. दोन्हींत गल्लत करू नये.

असा रुग्ण वाचवण्यासाठी ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या गृहस्थांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला. पण लार्सन पुढे विसाहून अधिक यंत्रे बदलत २००१ पर्यंत जगले. ज्या शल्यविशारदाने आणि अभियंत्याने तो पेसमेकर बसवला नि बनवला, त्या दोघांच्याही मागे ते हयात होते.

सुरुवातीची ही यंत्रे एकसुरी होती. माणूस झोपलेला असो वा जिना चढत असो, ठोका तोच. पुढे हृदय स्वतः ठोका देत असेल तर गप्प बसणारे पेसमेकर आले. १९८० च्या दशकात हालचाल ओळखणारे यंत्र आले. माणूस चालू लागला की त्याच्या धडाची हालचाल यंत्रातील 'सेन्सर' टिपतो आणि ठोके वाढवतो. माणूस बसला की ठोके पुन्हा खाली येतात.

हा सेन्सर हुशार आहे, पण भोळाही आहे. सुरुवातीच्या सेन्सरना केवळ कंप कळत असे. सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना दम लागतो, पण पाऊल सावकाश पडते. उतरताना दम नसतो, पण पाऊल धपधप आपटते. त्यामुळे अशा यंत्राचा ठोका चढताना कमी आणि उतरताना जास्त वाढे. खड्ड्यांच्या रस्त्यावरून ट्रॅक्टरवर बसून जाताना माणूस श्रम करत नसला तरी ठोका चढे. आताचे सेन्सर पुष्कळ सुधारले आहेत. तरी सायकल चालवताना धड स्थिर राहते, म्हणून काही यंत्रे अजूनही कमी ठोके देतात. काही पेसमेकर श्वासाची गती मोजतात. काही तारेच्या टोकाशी हृदयाच्या स्नायूच्या आकुंचनाचा अंदाज घेतात.

रात्रीचा वेगळा ठोका

निरोगी हृदय रात्री मंद चालते, मग पेसमेकरने रात्रभर दिवसाचाच वेग का ठेवावा? या विचारातून 'रात्रीचा वेग' ही सोय आली. डॉक्टर यंत्राला सांगतात : रात्री १० ते सकाळी ६ या वेळात किमान ठोके ६० ऐवजी ५० ठेव. मिनिटाला १० ठोके वाचले, तर आठ तासांत ४,८०० ठोके वाचतात. हृदयाला विसावा मिळतो, झोपेत छाती धडधडल्यासारखी वाटत नाही आणि बॅटरीही थोडी वाचते.

यात दोन प्रकार आहेत. एका प्रकारात यंत्र आपल्या आतील घड्याळ पाहते. दहा वाजले की त्याची रात्र झाली. दुसऱ्या प्रकारात यंत्र घड्याळ पाहत नाही. माणूस बराच वेळ निश्चल आहे असे सेन्सरला आढळले, की ते ठोका हळूहळू उतरवते आणि हालचाल सुरू होताच वाढवते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या रुग्णाचे वरचे केंद्र निरोगी आहे त्याला दोन तारांचा पेसमेकर बसवला, तर एक तार वरच्या कप्प्याचा ठोका ऐकते आणि दुसरी तो खाली पोहोचवते. मेंदूच्या घड्याळाचा हुकूम वरच्या केंद्रापर्यंत येतच असतो. यंत्र फक्त निरोप्याचे काम करते. शरीराचे घड्याळ शाबूत असेल तेथे यंत्राने त्याच्या मागून चालावे, हे उत्तम. पण प्रत्येक रुग्णाला दोन तारा शक्य किंवा योग्य असतातच असे नाही. तात्यांचे यंत्र एका तारेचे होते.

तात्यांच्या मुलाने काय केले

दुसऱ्या खेपेला मी तात्यांच्या मुलाला नाडी मोजायला शिकवले. मनगटाच्या आत, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवायची. आपला अंगठा वापरायचा नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवून घोटाळा होतो. घड्याळ पाहून पूर्ण एक मिनिट मोजायचे. दुपारी एकदा, रात्री बाजेवर असताना एकदा, आणि रात्री बारानंतर अंगणात दहा मिनिटे फेऱ्या मारून झाल्यावर लगेच एकदा. मुलाने सोबत राहायचे, आणि शेतात मात्र तात्यांनी जायचे नाही.

तिसऱ्या दिवशी मुलगा वहीचा कागद घेऊन आला. दुपारी ६०. रात्री बाजेवर ५०. रात्री फेऱ्या मारल्यानंतरही ५०.

सारे त्या कागदावर लिहिलेले होते. यंत्रात रात्रीचा वेग ५० ठेवलेला होता आणि हालचाल ओळखणारा सेन्सर बंद होता. यात कुणाचा निष्काळजीपणा नव्हता. नवी तार हृदयात रुजेपर्यंत सेन्सर बंद ठेवायचा आणि पहिल्या तपासणीच्या वेळी सुरू करायचा, अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे. तात्यांनी ती पहिली तपासणीच चुकवली होती, कारण त्याच आठवड्यात उसाला तोड आली होती. ऊसतोड टोळी दारात आलेली असताना कोणता शेतकरी तपासणीला जाईल?

म्हणजे ज्या वेळी तात्या फावडे घेऊन चिखलात उभे होते, त्या वेळी यंत्राच्या हिशेबाने ते गाढ झोपलेले होते. दिवसा ते झोपत, तेव्हा यंत्र त्यांना जागे समजून ६० ठोके देत होते. यंत्र बिघडलेले नव्हते. त्याला तात्यांचा दिवस कुणी सांगितला नव्हता.

मी रुग्णालयात फोन केला आणि तात्या दुसऱ्या दिवशी तिकडे गेले. छाती उघडावी लागली नाही. तंत्रज्ञाने पेसमेकरच्या जागी त्वचेवर बाहेरून एक उपकरण धरले आणि संगणकावरून यंत्राशी संपर्क साधला. रात्रीचा वेग रद्द केला, सेन्सर सुरू केला, तिथेच वऱ्हांड्यात चालायला लावून ठोका वाढतो की नाही ते पाहिले. काम अर्ध्या तासाच्या आत झाले. तात्यांचा पुढचा हंगाम घेरी न येता गेला. रात्रीच्या पाण्याला आता मुलगा बरोबर असतो, हेही तितकेच महत्त्वाचे.

ज्यांची रात्र वेगळी आहे

आपल्या सातारा-सांगली भागात 'रात्री १० ते सकाळी ६ झोप' हा नियम किती घरांना लागू पडतो? साखर कारखान्यात हंगामभर तीन पाळ्या चालतात. दूध संकलन पहाटे सुरू होते. भाजी मार्केटला जाणारा टेम्पो रात्री दोनला निघतो. एस. टी. चा चालक एक दिवस मुक्कामी गाडीवर, तर दुसऱ्या दिवशी घरी असतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेने आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा वारकऱ्यांचा दिवस भल्या पहाटे सुरू होतो. पेसमेकर बसवलेला वारकरी त्या वेळी चालू लागला आणि त्याच्या यंत्राची रात्र सहाला संपणार असेल, तर त्याने वारीपूर्वी हे डॉक्टरांना सांगायलाच हवे.

परदेशी मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी आणखी एक गंमत, पण कामाची. पेसमेकरमधले घड्याळ मोबाईलसारखे आपोआप बदलत नाही. ते आपल्या गावच्याच वेळेवर चालते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाची वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. आपली रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ तिथे सकाळी साडेनऊ ते सायंकाळी साडेपाच अशी पडते. मुलाच्या घरी दिवसभर आजोबा नातवाला बागेत फिरवत आहेत आणि यंत्राची मात्र मध्यरात्र चालू आहे! काही महिन्यांसाठी जायचे असेल, तर निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

काही यंत्रे रात्री आपली स्वतःचीही तपासणी करतात. ठोका उमटायला किमान किती वीज लागते, तार नीट आहे की नाही, हे ती माणूस स्वस्थ असताना पाहतात. घरी माहिती पाठवणारी पेटी दिली असेल, तर ती झोपण्याच्या जागेजवळ ठेवायला सांगतात, त्याचेही कारण बहुधा हेच असते. रात्रपाळीच्या माणसाची ही पेटी ज्या खोलीत तो खरोखर झोपतो तिथे हवी.

इतर यंत्रांचीही हीच वाट

केवळ पेसमेकरच वेळ पाळायला शिकला असे नाही. हातापायांचे स्नायू ताठरणाऱ्या काही रुग्णांच्या पोटाच्या त्वचेखाली औषधाचा छोटा पंप बसवतात. तो पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात औषध सोडतो आणि दिवसाची मात्रा वेगळी, रात्रीची वेगळी ठेवता येते. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत तार बसवून सौम्य विद्युत्‌ उत्तेजन देतात. मेंदूतून येणारे संकेत वाचून हे उत्तेजन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला २०२५ मध्ये युरोपात आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. मधुमेहींचा इन्शुलिन पंप शरीराबाहेर असतो, पण पहाटे साखर वाढणाऱ्यांना त्या वेळेपुरती मात्रा वाढवून घेण्याची सोय त्यातही आहे.

ही यंत्रे जितकी शहाणी होत जातील, तितके आपले बोलणे महत्त्वाचे होईल. एकसुरी यंत्राला सांगण्यासारखे काही नव्हते. आताच्या यंत्राला पुष्कळ सांगता येते, आणि न सांगितल्यास ते आपल्या मनाने एक सरासरी माणूस गृहीत धरते.

पेसमेकर असणाऱ्यांनी काय करावे?

१. आपली दिनचर्या कागदावर लिहून तपासणीला न्यावी. कधी झोपता, कधी उठता, रात्रपाळी किंवा रात्रीचे पाणी आठवड्यातून किती दिवस, कष्टाचे काम कोणत्या वेळी, सायकल चालवता का, हे त्यात असावे.

२. पहिली तपासणी चुकवू नये. साधारण सहा आठवडे ते तीन महिने या काळात ती होते. नंतर डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. सुगी असो वा लग्नसराई, त्या दिवशी घरातल्या एकाने मागे लागून पाठवावे.

३. तीन प्रश्न विचारून उत्तरे पेसमेकरच्या कार्डासोबत लिहून ठेवावीत : माझा किमान ठोका किती? रात्रीचा वेग वेगळा आहे का, असल्यास किती ते किती वाजेपर्यंत? सेन्सर चालू आहे का?

४. नाडी मोजायला घरातील एकाने शिकावे, आणि त्रास होतो त्याच वेळी मोजावी. नाडी ठरवलेल्या किमान ठोक्यापेक्षा वारंवार कमी भरली तर दाखवावे. मधूनच अनियमित ठोके पडले तरी मनगटावरची मोजणी कमी येऊ शकते. तेव्हा घाबरू नये, पण टाळाटाळही करू नये.

५. शुद्ध हरपणे, डोळ्यांपुढे अंधारी, न थांबणारी उचकी, यंत्राच्या जागी लाली, सूज किंवा पू, यांपैकी काही दिसले तर लगेच रुग्णालय गाठावे. या तक्रारी 'अशक्तपणा' म्हणून टॉनिकवर भागवू नयेत. आम्हा डॉक्टरांकडूनही तसे होते, हे वर कबूल केलेच आहे.

६. मोबाईल शर्टाच्या वरच्या खिशात, यंत्रावर ठेवू नये. किमान सहा इंच अंतर असावे. चुंबकाच्या वस्तू लांब ठेवाव्यात. वेल्डिंगचे काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कामावर परतू नये.

७. औषधे आणि गोळ्यांच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नयेत. रात्रपाळी असेल तर गोळी कधी घ्यायची, हेही त्याच कागदावर विचारून घ्यावे.

पेसमेकरसाठी आता मुंबई-पुणे गाठलेच पाहिजे असे नाही. सातारा, कराड, सांगली, मिरज येथे ही सोय आहे. खर्चाची अडचण असल्यास रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शासकीय योजनेची चौकशी करावी.

तात्या परवा सहज भेटले. खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले पेसमेकरचे कार्ड काढून दाखवले. पाठीमागे मुलाच्या अक्षरात लिहिले होते : 'किमान ठोका ६०. रात्रीचा वेग नाही. सेन्सर चालू.' आपल्या घरात कुणाला पेसमेकर असेल, तर आज त्यांचे कार्ड काढून पाहा. पाठीमागची जागा कोरी असेल, तर पुढच्या तपासणीला ती भरून घ्या.